भूत नसलेला पिक्चर

"त्यात भूत नाहीये हो." हे तिचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ती चष्मा डोक्यावर सरकवायची आणि समोरच्याकडे असं बघायची, की त्याने विचारलं हाच गुन्हा. पण फणसवाडीतल्या आमच्या चाळीत भुताचा पिक्चर निघतोय, हे एकदा पसरल्यावर लोक दुसरं काय विचारणार?

मी गिरगावात लग्नामुंजींचं शूटिंग करतो. ती आमच्याच मजल्यावरची, बी.कॉम. होऊन घरी बसलेली. कॅमेरा माझा, लाइट माझे, चहाही माझाच. "छोटी हॉरर फिल्म आहे, काका. एका मुलीच्या डोक्यात काय चालतं त्याची," ती म्हणाली.

"मग त्यात घाबरायचं काय?"

"तुम्हाला रात्री झोप लागते ना, म्हणून विचारताय."

एकदा नीट बसवून विचारलं, तेव्हा खरं बोलली. "सारखं वाटतं, मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही. आईला सांगायला जाते, तर ती म्हणते, जेवत नाहीस नीट म्हणून होतं. बोलून नाही कळत तिला. बघून तरी कळेल." म्हणजे सगळा खटाटोप एका बाईसाठी होता. त्यानंतर मी कुरकुर खूप केली, पण नाही कधी म्हटलं नाही.

मुख्य प्रसंग साधा. घरची माणसं जेवतायत. मुलगी ओरडते, पण तोंडातून आवाज फुटत नाही. मग ती ताट वाजवते. तरी कोणी मान वर करत नाही. मुलगी ती स्वतः, आईच्या जागी तिची खरी आई, बाकीचं कुटुंब शेजाऱ्यांचं.

आता तुम्हीही असे शेजारी पाहिले असतील. तिसऱ्या खोलीत दूध उतू गेलेलं ज्यांना कळतं, त्यांनी कानाशी ताट वाजल्यावर गप्प जेवायचं. पहिल्याच खेपेला समोरच्या मावशींनी विचारलं, "काय गं, आमटी देऊ?" दुसऱ्या खेपेला बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांनी आपली वाटी तिच्यापुढे सरकवली.

"मावशी, मी तुम्हाला दिसतच नाहीये," ती समजवायची.

"अगं पण दिसतेयस ना."

आमटी गार झाली, उजेड गेला, माझं डोकं फिरलं. हळद लागलेल्या नवरदेवाला मी सरळ बसवू शकतो, पण ही माणसं माझ्या आटोक्यातली नव्हती.

एक माणूस मात्र पहिल्यापासून चुकत नव्हतं. तिची आई. पोरगी शेजारी ताट बडवतेय आणि वहिनी शांतपणे भात कालवतायत. मी कौतुकाने म्हटलं, "वहिनी, काय काम करता हो."

"त्यात काय? माझं लक्षच नव्हतं."

मी पोरीकडे पाहिलं. ती खाली मान घालून चष्मा पुसत होती.

फिल्म तयार झाली, मंडळाच्या खोलीत दाखवली. भूत कधी येतंय, भूत कधी येतंय, हे शेवटपर्यंत चाललं होतं. दिवे लागल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझा पदर बघ कसा गबाळा दिसतोय." मला इतका संताप आला, की वायरी मी न गुंडाळताच पिशवीत कोंबल्या. एवढ्यासाठी का त्या पोरीने जीव आटवला? तीच उलट मला म्हणाली, "असू दे, काका."

पुढे ती नोकरीला हैदराबादला गेली. फोनवर "बरी आहे" याच्या पलीकडे सांगत नाही. डॉक्टरकडे जातेस ना, असं मी खोदून विचारतो. जाते म्हणते. खरंखोटं तिचं तिला ठाऊक.

परवा वहिनी माझ्याकडे आल्या. "घर खायला उठतं हो. ती फिल्म लावता का?"

लावली. वहिनी एकटक बघत होत्या. जेवणाचा प्रसंग आला. पडद्यावर ती जीव तोडून ओरडत होती आणि वहिनी खुर्चीतून पुढे सरकल्या.

"जरा आवाज वाढवा ना. काय म्हणतेय ती?"

मी वाढवला. जेवढा वाढत होता तेवढा वाढवला. भांडी तेवढी जोरात वाजली.