पोलादी दातांचे बूट

बालाघाटाच्या डोंगराखाली आमचं गाव. तिथला उत्तरेश्वर पुण्याला गेला, एका कारखान्यात फिटर झाला आणि वारज्यात दोन खोल्यांचं घर करून राहिला. लोखंडावर त्याचा हात चालतो तसा आमच्या पंचक्रोशीत कुणाचा चालत नाही, हे मी अभिमानानं सांगतो. पण माणूस घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला तो जिन्यातून माघारी येतो. कुलूप ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन पुन्हा ओढतो.

अशा बापाच्या पोटी प्रियदर्शनी जन्मली आणि ती कडे चढायला लागली.

यंदाच्या हिवाळ्यात तिला हिमाचलात जायचं होतं. तिथल्या कड्यांवर थोडा बर्फ असतो, थोडा उघडा खडक. दोन्हींवर हातातल्या कुऱ्हाडी आणि पायातले पोलादी दात यांच्या जोरावर चढायचं. पुण्यात बर्फ कुठला? म्हणून ही पोरं वारज्यापलीकडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत, कोरड्या कातळावर तीच हत्यारं अडकवून सराव करतात. त्याला लागणारे बूट मोज्यासारखे पायाला घट्ट बसणारे, हलके, आणि तळातून पुढे दात निघालेले. ते परदेशातून येतात. प्रियदर्शनीच्या इवल्याशा पावलाचं माप काही मिळेना.

"पप्पा, तुम्हीच करा ना," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं अख्खा पावसाळा नाही म्हणण्यात घालवला. मग त्याच्या मनात आलं, पोरगी ऐकणारी नाही. कुणीतरी केलेल्या दातांवर ती उभी राहणारच. मग निदान ते दात आपल्या हातचे असावेत.

त्यानं तिच्या जुन्या फुटबॉलच्या बुटांच्या तळावरचे खुंट सोलून काढले. पोलादाची पट्टी कापली, तिचे दात घासले, पट्टी बोल्टनं तळाला आवळली. पण तळ मऊ. नुसता बोल्ट त्यात हलत राहतो आणि हलता हलता भोक मोठं करतो. म्हणून पट्टी आणि तळ यांच्यामधल्या फटीत त्यानं इपॉक्सी, पातळ डिंकासारखं चिकट रसायन, ओतलं. ते दगडासारखं घट्ट झालं की पट्टी आणि बूट एकजीव होतात. घट्ट व्हायला रात्र जावी लागते, आणि तोवर बूट उलटेच राहिले पाहिजेत, नाहीतर ओतलेलं सगळं खाली ओघळतं. त्यानं बूट गॅलरीत तळ वर करून ठेवले, सकाळपर्यंत हात लावू नको असं लेकीला फोनवर बजावलं आणि रात्रपाळीला गेला. बायको, हेमा, माहेरी गेली होती. घरात त्याची म्हातारी आई गोदाबाई होती, डोळे दाखवायला गावाहून आलेली. तिला सांगायचं राहिलं.

सकाळी तो आला तेव्हा गॅलरी रिकामी होती. प्रियदर्शनी बूट घेऊन खाणीवर गेली होती. गोदाबाई चहा गाळत होती.

"तुला किती डाव सांगितलं," ती म्हणाली, "उलटं खेटर घरात भांडान आनतंय. मी सरळ करून ठिवली."

"कवा, माय?"

"तू गेलास की लगीच. तिन्हीसांजेचं कुनी तसं ठिवतं का?"

उत्तरेश्वर फरशीवर बसला. जिथं बूट होते तिथं बाभळीच्या डिंकासारखे पिवळे थेंब वाळून चिकटले होते. किती ओघळलं आणि आत किती राहिलं, हे फरशी सांगत नव्हती. बुटाकडे वरून पाहून प्रियदर्शनीलाही ते कळलं नसतं.

त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. चढताना फोन पिशवीत असतो. तो गाडीकडे धावला, तर मागून गोदाबाई आली. काय झालंय ते दोन शब्दांत सांगून त्यानं तिला घरी थांबायला सांगितलं.

"माझ्या हातानं झालंय न्हवं? मग मी येनार."

ती मागे बसली. वाटभर त्याचा शर्ट तिनं मुठीत घट्ट धरला होता.

खाणीत उन्हं आली होती आणि प्रियदर्शनी भिंतीवर होती. भिंतीत ठोकलेल्या कड्यांमधून दोर ओवत ती वर जात होती. खालची कडी तिच्या पायांखाली बरीच मागे राहिली होती, वरची अजून हाताला येत नव्हती. इथून पडली असती तर दोर ताणून धरेपर्यंत खालच्या दगडांच्या राशीवर आपटली असती. दोराचं दुसरं टोक तिच्या कोथरूडच्या मैत्रिणीच्या, स्पृहाच्या हातात होतं.

उत्तरेश्वरनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर ती खाली बघेल, दचकेल. नाही मारली तर ती त्या पायावर विसंबेल.

"कुठंय पोरगी?" गोदाबाईनं विचारलं. तिला दूरचं दिसत नव्हतं.

"वर."

"पडंल का रं?"

तो पुढे सरकला. स्पृहाजवळ जाऊन त्यानं हळूच सांगितलं की बुटातला डिंक ओघळून गेलाय. स्पृहानं नजर वरून हलवली नाही.

"काका, हाक वरच्या कडीत दोर ओवल्यावर मारा. आत्ता तिला आपल्या काळजीचं ओझं परवडणार नाही."

वर पोलाद दगडावर करकरलं. प्रियदर्शनीनं उजवा पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग सगळं अंग कुऱ्हाडीवर तोलून धरत ती वर सरकली. दोर कडीत अडकल्याचा खटका वाजला. स्पृहानं तिला दोरावर बसायला सांगितलं आणि हळूहळू खाली घेतलं.

खाली आल्यावर तिनं उजवा बूट काढून बापापुढे धरला. पट्टी बोटानं हलत होती.

"मला मघाशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग उतरायचं ना तेव्हाच."

"उतरायचं तर त्याच पायावर उतरावं लागलं असतं, पप्पा. कडी जवळ होती."

गोदाबाई पुटपुटली, माझ्यामुळं झालं. प्रियदर्शनीनं मान हलवली. पायात घालण्याआधी पट्टी हलवून बघायला हवी होती, ते मी केलं नाही, म्हणाली.

उत्तरेश्वर बूट हातात घेऊन उभा राहिला. आजवर तो ज्या ज्या गोष्टींना घाबरला, त्या प्रत्येक ठिकाणाहून त्याला माघारी येता येत होतं. त्याची पोर जिथून माघार नाही तिथं एकटी होती, आणि तिनं आवाजही काढला नव्हता.

"आता बूट नाही ना करणार तुम्ही?" तिनं विचारलं.

डावा बूट अजून तिच्या पायातच होता. तो गुडघे टेकून खाली बसला. तिचा पाय उचलून त्यानं समोरच्या दगडाच्या धारेवर दात टेकवले आणि पट्टीच्या फटीवर अंगठा ठेवला.

"भार दे."

तिनं दिला.

"आणखी दे."

तोल सांभाळायला त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती त्या पायावर सगळी उभी राहिली. त्यानं डोळे मिटले होते.

"हलतंय का, पप्पा?"

"गप जरा," तो म्हणाला. "मला कळू दे."