ब्रेकबाई आणि तीन ठिपके

"ब्रेक दाबायला हरकत नाही, पण चोरून दाबू नये," असं ती एकदा जेवताना म्हणाली होती. ते नवऱ्याला उद्देशून होतं, हे नवरा सोडून सगळ्यांना कळलं.

ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायांशी असतो तसा एक ब्रेक तिच्याही पायांशी होता, म्हणून सगळा भाग तिला ब्रेकबाई म्हणायचा. दिवसभर ती दुसऱ्यांच्या भीतीशेजारी बसायची. भीतीला वास असतो, अत्तर लावून आलेल्यांच्याही. खिडकी उघडी ठेवणं, एवढाच तिचा त्यावर उपाय.

धंद्यात नवीन होती तेव्हा ती फार मायाळू होती. शिकणारा चुकला की अलगद ब्रेक दाबायची आणि गप्प बसायची. एक दंतवैद्य त्या मायेच्या आणि थोड्या नशिबाच्या जोरावर शिकून निघाला. गाडी थांबते ती आपल्याच पायाने, अशी त्याची पक्की समजूत. स्वतःची गाडी घेतली आणि पहिल्याच सकाळी स्वतःच्याच फाटकात घुसला. "थांबलीच नाही हो," तो हिरमुसून सांगत होता, जणू गाडीने शब्द देऊन फिरवला होता. तेव्हापासून तिने नियम केला. पाय पडला की मोठ्यानं सांगायचं, "मी दाबला."

लोक वैतागायचे. एक वकील म्हणाला, "बाई, कळलं. खिडकी उघडी आहे, जरा हळू सांगा."

"हळू सांगितलं की तुम्ही हळू चालवत नाही," ती म्हणाली.

तिची मुलगी तेरा वर्षांची, पाण्यात पटाईत आणि उत्तर देण्यात त्याहून. घरात तिला मासोळीच म्हणत. जवळचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीला बंद झाला आणि सराव शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. जायचं तर बसने, एकटीनं. रोज गेली तरच संघात जागा. आईच्या शिकवण्या नेमक्या त्याच वेळी, आणि बाप तसबिरींना चौकटी करणारा फ्रेमवाला, त्याला दुकान सोडता येईना.

"तिच्या फोनमध्ये ते नकाशावालं टाकून देऊ," फ्रेमवाला म्हणाला. "कुठं आहे ते आपल्याला दिसतं. तिला सांगायचं कशाला? कळलं की बंद करेल."

"आणि नाही कळलं तर?"

"मग उत्तमच की."

"आज ना उद्या कळलं, तर?"

फ्रेमवाल्यानं टेप काढून टेबल मोजायला घेतलं. अडचणीत आला की तो हाताशी असेल ती वस्तू मोजायचा.

ब्रेकबाईनं मुलीला समोर बसवलं, फोन दोघींच्या मध्ये ठेवला. काय दिसतं, कुणाला दिसतं, बंद कुठून करायचं, सगळं दाखवलं. बंद करायचं बटण दाखवताना फ्रेमवाला खोकला. तिनं लक्ष दिलं नाही.

"मी दिसणार, मग तुम्ही का नाही?" मासोळी म्हणाली. "तुम्ही काय अदृश्य आहात?"

मग तिघंही नकाशावर आली, प्रत्येकाचा एक ठिपका. माणूस इतका लहान होऊ शकतो, हे बघून ब्रेकबाईला जरा कसंसंच झालं. मासोळीला मात्र मजा वाटली. आईचा ठिपका दिवसभर त्याच मैदानाला फेऱ्या घालायचा, बापाचा जागचा हलायचा नाही. "आई घाण्याचा बैल, बाबा खुंटा," तिनं जाहीर केलं.

"आणि तू?"

"मी मोकाट."

शर्त एकच ठरली. ज्यानं बघितलं, त्यानं लगेच कळवायचं: मी बघितलं.

काही आठवडे छान गेले. ब्रेकबाई एखादवेळी बघायची आणि कळवायची. मुलीचंही उत्तर यायचं, "आज त्या चौकात काय झोपली होतीस?" आई लिहायची, "मी नाही. वकिलांचा क्लच झोपला होता."

फ्रेमवाल्याकडून कधीच काही यायचं नाही. ब्रेकबाईला वाटायचं, तो बघतच नसेल. त्याच्या चौकटी मात्र हल्ली तिरक्या निघत होत्या.

एका संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, "त्या बुटांच्या दुकानाबाहेर एवढा वेळ काय करत होतीस गं?"

मासोळीचा घास हातातच राहिला. "मैत्रिणीची चप्पल तुटली होती. पण तुला कसं कळलं?"

फ्रेमवाल्याचा हात टेपकडे गेला.

"अहो, ते राहू द्या," ब्रेकबाई म्हणाली. "किती वेळा बघता?"

"कधीमधी."

"रोज?"

"एक काच कापली की एकदा," तो पुटपुटला. "नुसतं बघतो. मी काही बोललो का तिला?"

"तेच तर, बाबा," मासोळी म्हणाली. तिनं फोन उचलला, दोघांच्या देखत ठिपका बंद केला. "उद्या मी सरावाला जाणार. अशीच."

"मग जायचंच नाही."

"मग संघातली जागा गेली. तूच सांग सरांना."

दोघंही ब्रेकबाईकडे बघायला लागली. तिला हो म्हणायची भीती वाटत होती, आणि नाही म्हणायची लाज. बटण तिनंच दाखवलं होतं. वापरायला बंदी असलेलं बटण म्हणजे नुसतं चित्र.

"जा," ती म्हणाली. "दिवे लागायच्या आत ये."

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फेरीत, रस्ता रिकामा असताना तिचा पाय ब्रेकवर आदळला.

"मी दाबला," ती म्हणाली.

"पण समोर कुणी नाही," वकील म्हणाला.

"माहीत आहे."

शिकवण्या संपवून ती घरी आली. नकाशावर दोनच ठिपके होते, आणि त्या दोघांची काळजी करावी असं काही नव्हतं. ती उरलेल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. रिकामी जागा बघितली तर कुणाला कळवायचं, हे काही ठरलं नव्हतं.

दिवे लागले. फ्रेमवाल्यानं खिडकी मोजली, मग दार मोजलं. फोन लावला, तर मासोळी उचलेना.

"तुझ्या तत्त्वापायी," तो म्हणाला.

"तुमच्या काचांपायी," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. भांडायलासुद्धा घरात माणसं पुरी असावी लागतात.

इतक्यात नकाशावर तिसरा ठिपका उमटला. पाठोपाठ निरोप: "बस बंद पडली. बसच्या गर्दीत फोन ऐकू आला नाही. आता थांब्यावर एकटीच आहे, भीती वाटतेय. ठिपका मीच लावलाय. बघा."

फ्रेमवाला एका बोटानं लिहायला बसला. मग डोळे पुसून त्यानं पाठवलं, "मी बघितलं. कालचंही आणि परवाचंही."

"बाबा, पुरे," उत्तर आलं. "आई घ्यायला येईल का?"

"येईल ना," तो म्हणाला आणि बायकोकडे वळला. गाडी त्याला या जन्मात कधी चालवता आली नव्हती. "हे बघ, चौकातून डावीकडे घे. पुढं खड्डा आहे, तिथं गिअर बदल. आणि घाई करू नकोस, आरशात बघत जा, आणि हो, ब्रेक जरा..."

ब्रेकबाईनं चपला पायात सरकवल्या, किल्ली उचलली आणि बाहेर पडली.