रक्तासुराचा उजवा कौल

सगुणाइतका सुंदर पडणारा माणूस उभ्या पेडण्यात झाला नाही. हसू नका! पडणं म्हणजे काय खायचं काम आहे? कुस्तीच्या मंचावर समोरच्या शांतारामने खूण म्हणून दोनदा टाच आपटली, की नव्वद किलोंचा हा गडी हवेत गिरकी घ्यायचा आणि पाठीवर असा उतरायचा, की फळ्या थरथरत, पण अंगाला ओरखडा नाही.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी गोकुळदासने फ्रीस्टाईल कुस्तीची कंपनी काढली. हा जन्मभर दशावतारात राजा झालेला. लोकांना राक्षस पडलेला बघायचा असतो, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून देखणा शांताराम झाला वीर आणि मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवणारा आपला सगुण झाला रक्तासूर. कोणी पडायचं ते आधीच ठरलेलं. फक्त हे गुपित बायकोलाही सांगायचं नाही, अशी नारळावर हात ठेवून शपथ.

दिचोलीपासून तेरेखोलपर्यंत कंपनीचं नाव झालं. माणसं ट्रक भरभरून यायची, बाया रक्तासुराच्या नावाने बोटं मोडायच्या. सहा वर्षं सगुण पडत राहिला. पडताना क्षणभर सगळे आवाज विझायचे, वर नुसतं आभाळ तरंगायचं आणि त्याला वाटायचं, एकदाच, फक्त एकदाच आपण उभं राहावं. तेही आपल्या कोरगावात, बायकोसमोर, गंगेसमोर. लाल धुळीतून ट्रक हाकताना तो हेच स्वप्न बघायचा. घरी पाठीला तेल चोळताना गंगा विचारायची, "आज पण हरलात?" नारळावरची शपथ आठवून बिचारा तेलाची वाटी पुढे सरकवायचा.

शेवटी कोरगावात कुस्ती ठरली. पण तिथे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरवाने कौल घ्यायला देवाच्या अंगाला फुलांच्या पाकळ्या लावल्या, कुस्तीला परवानगी मिळाली. तेवढ्यात कुणा म्हाताऱ्याला हुक्की आली, "जिकतलो कोण, तांय विचार मरे!" गुरवाने जिंकणारा म्हणून रक्तासुराचं नाव घेतलं मात्र, टपकन उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार.

गोकुळदासने कपाळाला हात लावला, मग हसला. "देवाचा शब्द मोडायचा कोणी? सगुणा, उद्या तू जिंकायचं."

सगुण त्या दिवशी जमिनीवर चाललाच नाही म्हणा ना! गंगेला त्याने पुढच्या ओळीत बसवलं. देवळासमोर सारा गाव लोटला होता. डावावर डाव झाले, शांतारामची पाठ टेकायची वेळ आली. आणि सहा वर्षांच्या सवयीने त्या गाढवाने दोनदा टाच आपटली!

सगुणाला काही कळायच्या आत गिरकी झाली होती. वर आभाळ तरंगत होतं.

मग तोच म्हातारा उठला, "देव खोटा बोलणा ना. म्हणजे ही कुस्तीच खोटी!"

झालं. ही बातमी वाऱ्यावर दिचोलीला पोचली. पुढल्या दोन ठिकाणी काळं कुत्रंही फिरकलं नाही. गोकुळदासने फळ्या विकल्या. सगुण खाणीवर परत गेला आणि कुस्तीचं नाव घेईनासा झाला. गंगेनेही कधी विषय काढला नाही.

बरीच वर्षं गेली. काजूचे दिवस संपत आले होते. एका संध्याकाळी अंगणात गवत पसरता पसरता पन्नाशीच्या गंगेने पदर खोचला.

"उठा. टाच आपटा."

"काय?"

"दोनदा. मला काय कळत नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं."

सगुणाने भीत भीत टाच आपटली. एकदा. दोनदा. गंगेने गिरकी घेतली आणि गवतावर अगदी त्याच्यासारखी पडली, हात पसरून, पाठीवर. सहा वर्षं त्याच्या नकळत बायांच्या गर्दीत बसून तिने ते नुसतं बघितलं नव्हतं, शिकूनही घेतलं होतं.

"जिंकलात हां," ती खालून म्हणाली. "आणि आभाळ किती बरं दिसतं हो इथून!"

सगुणाला रडू आवरेना. पण तो खाली बसला नाही, उभाच राहिला.