धबधब्याला निघालेली एस्नात जेरे

लुसाकातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत एस्नात जेरे रवानगीचं काम पाहत असे. तिच्या सहीशिवाय मक्याच्या पोत्यांचा एकही ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. ट्रक मोंगूला जायचे, चिपाटाला जायचे, पार उत्तरेला कासामापर्यंत जायचे. सही करणारी मात्र सकाळी फाटकाच्या आत शिरली की अंधार पडतानाच बाहेर. ड्रायव्हर परत आले की ती त्यांना रस्त्याची हकिकत विचारायची. नदीला पाणी किती होतं, कुठे काय पिकलंय. ड्रायव्हर हसायचे. "मॅडम, पोत्यांच्या जागी तुम्हीच बसा एकदा."

ती रजा मागायला गेली की सिम्वान्झा साहेब मान वर न करता विचारत, "कोण गेलं?"

"कुणी नाही सर. जरा फिरून यावं म्हणते."

"मग कुणी गेलं की या."

घरीही तेच. ती थोरल्या भावाकडे राहायची. योबे तसा प्रेमळ माणूस, पण बहीण पिशवी भरताना दिसली की दारात उभा राहायचा. "बाई घराबाहेर पडते ती मयताला, लग्नाला नाहीतर दवाखान्यात. तू कुठं निघालीस?" एस्नातचं वय चाळिशीकडे झुकलं होतं, लग्न झालेलं नव्हतं, आणि धबधबा बघायला जाते असं सांगितलं असतं तर त्या धबधब्याचं नाव काय, तो करतो काय आणि त्याला बायको आहे का, हे विचारायला भावजय टपलेलीच होती.

वाट सापडली ती एका खऱ्या मयतामुळे. मावशीला पोचवून ती एकटी परतत होती. कमरेला शोकाचं काळं चितेंगे, लांब कापड, गुंडाळलेलं, डोक्याला घट्ट फडकं. एरवी बस स्टँडवरची पोरं बाईची पिशवी हिसकून आपल्या बसकडे पळवायची, हात धरायची, नको ते बोलायची. त्या दिवशी सगळे बाजूला झाले. कंडक्टरने खिडकीची जागा दिली. शेजारच्या पुरुषाने फोन नंबर मागितला नाही, उलट टोपी काढली. तेव्हापासून शनिवार-रविवारच्या छोट्या प्रवासांचाही तोच पोशाख ठरला. घरी किंवा बाहेर कुणी विचारलंच तर "मयताला" एवढं म्हणायचं आणि खाली बघायचं. पुढे कुणी विचारत नसे.

बाकीचे नियमही तिने स्वतःच घातलेले. जायचं ते बसने, चार माणसं जातात तसं. एकट्या पुरुषाच्या गाडीत बसायचं नाही. पाण्याची बाटली आणि उकडलेल्या रताळ्यांचा डबा घरून न्यायचा, खिडकीतून काहीही फेकायचं नाही. बसचा नंबर भावजयीला कळवायचा. तिला जाताना-येताना त्या जागेला ओरखडाही नको होता आणि स्वतःलाही.

जुलैच्या सुरुवातीला सोमवार-मंगळवारची वीरांची आणि एकतेची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येते. वर्षातून एकदाच. कासामाच्या पलीकडचा चिशिंबा धबधबा बघायचा तर हेच दिवस होते. पाण्यात पाय सोडून बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. तिचा बेत एवढाच होता.

शनिवारी पहाटेच्या थंडीत ती बसमध्ये चढली. शेजारी एक ऐसपैस बाई येऊन बसली, तिच्याही कमरेला तसलंच चितेंगे. आपलं नाव बाना चोला, म्हणजे चोलाची आई, हे तिने बस सुटायच्या आतच सांगून टाकलं.

"मयत कुठं, मायो?" सगळ्या बायकांना म्हणतात तसं आई म्हणत तिने विचारलं.

"कासामाला," एस्नात म्हणाली आणि खाली बघितलं.

"कासामात कुठं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिच्या तोंडून निघून गेलं, "चिशिंबाच्या बाजूला."

बाना चोलाने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मुलेंगा मास्तरांकडे! अगं, मी त्यांची चुलत बहीण! आपण एकाच घरी!"

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मयताचं घर नाकारायचं कसं? आपला तिथं कुणी मेला नाही, हे कमरेला चितेंगे गुंडाळून सांगायचं कसं? ती गप्प राहिली. दुःखात असलेल्या बाईचं गप्प राहणं म्हणजे होकारच.

"आडनाव काय तुझं?"

"जेरे."

"न्गोनी!" बाना चोला जागेवरून उठलीच. "ऐकलंत का गं? मास्तरांना म्बुया आली! चिपाटाला, न्गोनींच्या मुलखात, शिकवायचे ना ते, तिथल्यांनी आठवण ठेवली!"

मागच्या बाकांवरून त्याच मयताला निघालेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बेंबा आणि न्गोनी या दोन जमाती एकेकाळी लढल्या, आणि तेव्हापासून एकमेकांचे थट्टेचे नातलग, म्बुया, झाल्या. बेंबाच्या मयतात न्गोनीने हसवायचं, मेलेल्याचीही टर उडवायची, आणि कुणी रागवायचं नाही. म्बुयाशिवाय मयत म्हणजे कालवणाशिवाय न्शिमा, नुसती मक्याची उकड.

कासामाला शोकाचा ट्रक वाट बघत होता. तो माणसांनी खच्चून भरलेला होता, त्यामुळे तिच्या नियमांनाही त्यावर बोट ठेवता येईना. गावाच्या अलीकडे बायकांनी रडायला सुरुवात केली आणि तिचा हात धरून तिला अंगणात नेलं. बाहेर पुरुष शेकोटीभोवती, आत बायका चटयांवर. तिला थेट विधवेशेजारी बसवलं. भिंतीपलीकडून, झाडांच्या मागून, पाण्याचा आवाज अखंड येत होता.

"कसला आवाज?" तिने विचारलं.

"धबधबा," कुणीतरी म्हणालं. "सवय होईल."

रविवारी सकाळी सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. "म्बुया, मुकी आहेस का? की तुम्हा न्गोनींचे उंदीर खाऊन घसा बसलाय?"

"तुम्ही बेंबा खाता तशी माकडं खाल्ली असती तर मीही झाडावरून ओरडले असते," ती वैतागून म्हणाली.

घर हसण्याने दणाणलं. मग तिला सुचलं की म्बुयाला काहीही बोलायची मुभा असते. खरंसुद्धा. ती उभी राहिली.

"ऐका. मी तुमच्या मास्तरांना ओळखत नाही. कधी पाहिलंही नाही. मी धबधबा बघायला आले होते. ही बाना चोला मला बसमधून धरून घेऊन आली. मला जाऊ द्या!"

बाना चोला डोळे पुसत चटईवर आडवी झाली. "धरून घेऊन आली म्हणे! अगं आई गं!" बाहेरचे पुरुष दारात गोळा झाले. "पुन्हा सांग, म्बुया!" तिने पुन्हा सांगितलं, या वेळी रडकुंडीला येऊन. ते त्यांना आणखीच आवडलं. मास्तर गेल्यापासून अन्नाला न शिवलेली विधवा हसली आणि तिने न्शिमाचा एक घास घेतला.

मग तिला कोण सोडणार? परसात जायचं तरी दोघी सोबत. "एकटी कशाला? आम्ही आहोत ना." झोपायला दोन बायकांच्या मधली जागा, आणि एकीचा हात तिच्या अंगावर. कुणी तिची पिशवी उचलून आत ठेवली, कुणी रताळ्यांचा डबा घासून दिला. आयुष्यात ती इतकी सुरक्षित कधीच नव्हती.

दुपारी बायका पाण्याला गेल्या तेव्हा विधवा हळूच म्हणाली, "चिपाटाला आम्ही राहत होतो तेव्हा मी सगळ्यांना ओळखायची. तुला मी पाहिलेलं नाही."

एस्नात जवळ सरकली. "मी सकाळी खरंच सांगत होते, मायो."

"कळलं मला." विधवेने दाराकडे पाहिलं. "पण आता जाऊ नकोस. तू गेलीस की या सगळ्या पुन्हा रडायला लागतील, आणि मला त्यांच्याबरोबर रडावं लागेल."

हाताला धरणाऱ्यांपासून सुटता आलं असतं. या बाईने तर हातही धरला नव्हता. एस्नात बसून राहिली.

सोमवारी मास्तरांचा थोरला मुलगा आला आणि माती झाली. थट्टेच्या रिवाजाप्रमाणे तिने शवपेटीची वाट अडवली, मास्तरांच्या तोकड्या विजारींवरून बोलली, लोकांना हसवलं. विजारींची गोष्ट विधवेनेच सकाळी तिच्या कानात सांगितली होती. मंगळवारी पहाटे लुसाकाची बस होती. बुधवारी फाटक उघडलं की सही तिलाच करायची होती.

स्मशानातून परतताना उन्हं कलली होती आणि आवाज अगदी जवळ आला होता. ती थांबली. "बाना चोला, मी जरा जाऊन येते. एवढं बघून येते फक्त."

"एकटी? त्या खडकांवर? काही झालं तर तुझ्या आईला मी काय सांगू?" बाना चोला मागे वळून ओरडली, "चला गं! म्बुयाला धबधबा दाखवायचाय!"

सगळ्या निघाल्या. भजन म्हणत, एकमेकींना सांभाळत, काळ्या चितेंग्यांची लांब रांग झाडांतून खाली उतरली. खडक शेवाळलेले होते. बाना चोलाने तिचा उजवा हात धरला, दुसऱ्या एकीने डावा.

पाणी समोर होतं. तिने मनात रंगवलं होतं त्याहून रुंद आणि पांढरं. काठावर बसण्याजोगा एक सपाट दगडही होता. तुषारांनी तोंड भिजलं, डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. पुसायला हात हवा होता म्हणून तिने उजवा हात ओढून पाहिला.

"घाबरू नकोस," बाना चोला म्हणाली आणि पकड आणखी घट्ट केली.