वर्गावर पकड

मृणाल गायकर श्रीवर्धनच्या बाजूला एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला आली, तेव्हा आपण उत्तम शिकवतो याची तिला पक्की खात्री होती. तोवर एकदाही शिकवलेलं नसल्यामुळे ती खात्री अगदी निर्भेळ होती. माणगावात तिची आई मनुबाई पेढे वाटताना "आमची प्राध्यापक झाली, प्राध्यापक" एवढ्या वेळा म्हणायची, की समोरच्याला पेढा जरा उशिराच मिळे.

नेमणूक तासिका तत्त्वावर होती, म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि दर उन्हाळ्यात नवी बेकारी. विभागप्रमुख चांदोरकर सर मात्र कायम होते. त्यांचा आत्मविश्वासही कायम होता.

"माझ्या वर्गात आजवर एकानंही शंका विचारलेली नाही," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "इतकं स्वच्छ शिकवावं लागतं."

मृणालने मागणीची लवचिकता शिकवली. फळ्यावर सुबक आकृत्या काढल्या, शेवटी विचारलं, "समजलं?"

"हो मॅडम!" वर्ग एका सुरात म्हणाला.

अशा सुरात चार-सहा तास गेले आणि चाचणी आली. लवचिकता म्हणजे रबराचा गुण, असं एकाने लिहिलं होतं. बाकीच्यांची मजल तिथवरही गेली नव्हती.

मृणालला जेवण जाईना. चांदोरकर सरांनी धीर दिला. "निकाल चांगला लागला तर आपण शिकवलं, वाईट लागला तर पोरं शिकली नाहीत. एवढं धरून राहा, कसलाही त्रास होत नाही."

प्राचार्यांनी मात्र गांभीर्याने दखल घेतली आणि तिला 'अध्यापनातील आत्मविश्वास' या कार्यशाळेला धाडलं. कार्यशाळा हरिहरेश्वरला होती, कारण आत्मविश्वास समुद्रकिनारी लवकर वाढतो. तज्ज्ञ पुण्याहून आले होते. वर्गात शिकवणं सोडून ते शिकवण्यावर बोलू लागले होते, आणि तेव्हापासून त्यांचं उत्तम चाललं होतं. त्यांनी सगळ्यांना वाळूत उभं केलं, छातीवर हात ठेवायला लावला आणि "मी उत्तम शिक्षक आहे" असं मोठ्याने वदवून घेतलं. उंटवाला थांबून बघत होता. मृणालही ओरडली. परत येताना प्रमाणपत्र मिळालं.

सोमवारी तिने लवचिकता पुन्हा शिकवली. "समजलं?"

"हो मॅडम!"

"न्हाय मॅडम," मागच्या बाकावरून अमिषा म्हणाली.

मृणालचे कान तापले. "काय नाही समजलं?"

"कायच न्हाय. पहिल्यापासून."

लक्ष कुठे असतं तुझं, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. प्रत्येक शिक्षकाकडे ते तयारच असतं. पण पोरगी सरळ डोळ्यांत बघत होती, आणि तिच्यात उद्धटपणा नव्हता. मृणालने खडू खाली ठेवला.

"घरी काय करता तुम्ही?"

"खोल्या हायत. पर्यटकांना देतो."

"नाताळात भाडं वाढवता?"

"दुप्पट."

"मग माणसं कमी होतात?"

"कशाला? तरी येतातच."

"आणि साध्या शनिवारी थोडं कमी केलं तर?"

अमिषा हसली. "मग शेजारची गिऱ्हाइकंपण आमच्याकडंच."

पुढच्या बाकावर साहिल होता. तो तिचा शेजारी. तो ताडकन उठला. "म्हणजे आमची माणसं तुम्ही पळवता व्हय!"

मग जो गोंधळ उडाला, त्यात अर्धा वर्ग अमिषाकडून आणि अर्धा साहिलकडून भांडला. भाडं किती घटवल्यावर किती माणूस हलतं आणि सणाला का हलत नाही, याचे हिशेब आरडाओरडीत मांडले गेले. लवचिकता सगळ्यांच्या तोंडी होती, फक्त तिचं नाव कुणी घेत नव्हतं. ते मृणालने फळ्यावर लिहिलं.

दार उघडलं. चांदोरकर सर.

"काय चाललंय हे? शेजारी माझा तास चालू आहे. माझ्या वर्गातली मुलं जागी झाली!"

वर्षअखेरीस त्यांनी तिच्याबद्दल अभिप्राय दिला: विषयाचं ज्ञान बरं, वर्गावर पकड नाही. प्राचार्यांनी तो तिला वाचून दाखवला आणि मायेने विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? शिकवता येतं तुम्हाला?"

मृणालने खरोखर विचार केला. "कधीकधी येतं, सर."

"असं बोलू नये," प्राचार्य कळवळले. "आत्मविश्वास हवा."

जूनमध्ये तिची पुन्हा नेमणूक झाली. एवढ्या लांब यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. कार्यशाळेला त्या वर्षी तज्ज्ञ म्हणून चांदोरकर सर गेले. त्यांचे तास मृणालकडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने भीत भीत हात वर करून शंका विचारली. मृणालला उत्तर येत नव्हतं.

"मलाही माहीत नाही. वाचून उद्या सांगते," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले नाहीत याचं तिलाच नवल वाटलं.