वरवंट्याची बाबागाडी

चहा येईस्तोवर एक किस्सा सांगून टाकतो. तुम्ही मला गणिताचा मास्तर म्हणून ओळखता, नीट विचार करून पाऊल टाकणारा माणूस समजता. तो समज आज जाणार आहे. जाऊ द्या, कधीतरी जायचाच होता. तर झालं असं, की मी एकदा भरबाजारात एक लेकरू दोनदा पाडलं. ते लेकरू नव्हतंच, पण शिक्षा मात्र मला पूर्ण झाली.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझी थोडी तरी बाजू कळेल.

एसटीडी बूथचा जमाना होता. आम्ही नव्या जालन्यात दोन खोल्यांत राहायचो. आमची मंडळी, सुनंदा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी पिंपळगाव रेणुकाईला गेलेली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहून आलो. लेकीनं माझं बोट असं घट्ट धरलं की ते सोडवता सोडवता माझी एसटी चुकणार होती. चुकली असती तर बरं झालं असतं, असं मला जालन्यात उतरेपर्यंत वाटत होतं.

आता आमच्याकडे रीत अशी की पहिलटकरीण पाच महिन्यांशिवाय माहेर सोडत नाही. पाच महिने? मला लेक घरी पाहिजे होती, सव्वा महिन्यातच. तसं मी सासूबाईंना भीत भीत बोललो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जावईबापू, दूध तरी तापवता येतं का तुमाला?"

"येतं की, मामी."

"सुनंदी तर सांगती, दोन पातेली जाळली म्हणून."

"एकच जाळलं. दुसरं नुसतं करपलं."

"लेकरू म्हंजे काय खडूचा डबा हाय का? हातातून पडला, उचलला, झटकला. तुमी बारशाला या. मंग पाहू."

'मंग पाहू' म्हणजे नाही नव्हे. मी मनाशी ठरवलं, बारशाला अशी वस्तू न्यायची की सासूबाईंनी म्हणावं, माणूस लेकरू सांभाळायला लायक आहे. आणि ती वस्तू म्हणजे बाबागाडी. जुन्या जालन्यात कापडाच्या गल्लीत एका दुकानात दोन बाबागाड्या आल्याची बातमी आमच्या शाळेच्या शिपायानं आणली होती. एक चार चाकांची, एक तीन चाकांची. बारा दिवसांचं लेकरू बसवायच्या गाडीत बसतं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

पण मी पडलो मास्तर. बैल घेताना माणूस जुंपून पाहतो, मग गाडी वजन ठेवून पाहायला नको? नर्सनं लेकीचं वजन सव्वातीन किलो सांगितलं होतं. मी घरभर सव्वातीन किलोची वस्तू शोधली. उशी हलकी, पाण्याची घागर जड. शेवटी पाट्यावरचा वरवंटा उचलला. सासूबाईंनी रुखवतात दिलेला, काळाभोर. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, तर सव्वातीनला दोन बोटं कमी. म्हटलं, दुपट्यात भरून निघेल.

दुपटं कशाला? तर उघडा वरवंटा गाडीतून घसरणार. शिवाय खांद्यावर वरवंटा घेऊन बाजारातून चाललेला मास्तर काही बरा दिसत नाही. बारशात आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात आणि मग लेकराला, हे तुम्हाला माहीतच आहे. तसाच मी त्याला नटवला. शेजारच्या काकूंनी लेकीसाठी शिवलेली कुंची घातली, दुपट्यात गुंडाळला, आणि काजळाची तीटही लावली. तीट कशाला, ते मात्र विचारू नका. हात चालत होता, लावली.

निघालो. शेअर रिक्षात बसलो, गाठोडं मांडीवर. शेजारी एक बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तिनं गाठोड्याकडे पाहिलं.

"झोपलं का हो लेकरू?"

आता रिक्षा सुरू झालेली, मागे दोन माणसं, पुढे तिघं. एवढ्यांच्या देखत मी वरवंट्याची, काट्याची आणि वजनाची हकिगत सांगत बसू? म्हटलं, "हो, झोपलंय."

"पोरगा का पोरगी?"

आणि इथं माझी मती फिरली. तसा मी अंधश्रद्ध नाही. पण खोटंच बोलायचं तर निदान लेकीच्या नावावर नको, तिला काही बाधायला नको, असं वाटलं. म्हणून मी आपला एक वेगळाच मुलगा तयार केला.

"पोरगा."

"केवढा हाय?"

"तीन महिन्यांचा."

"बाई बाई. रंग सावळा दिसतो."

कुंचीतून वरवंट्याचं टोक बाहेर आलं होतं. मी ते आत ढकललं. "आईवर गेलाय," म्हटलं.

"आई कुठं हाय याची?"

"घरी. स्वयंपाक करतेय."

बाईनं पदर पुढं ओढला. माझ्याकडे टक लावून पाहू लागली. मला वाटलं, बापानं लेकराला एवढं सांभाळून न्यावं, याचं तिला कौतुक वाटून राहिलंय. मी अजून ताठ बसलो आणि दुपट्यावर हलके हलके थोपटू लागलो.

ती माझ्यासोबतच उतरली आणि दुकानासमोर बांगड्यांच्या हातगाडीशी उभी राहिली. मी काही फार लक्ष दिलं नाही.

दुकानदार शेठनं दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. "गुरुजी, चार चाकी घेऊन टाका. बिलकुल झंझट न्हाई. तीन चाकी मोडीवर, वळताना लवंडते."

हे ऐकल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. "शेठ, चार पायांचं टेबल डुगडुगतं की नाही? त्याच्या पायाखाली कागदाची घडी घालावी लागते. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगताना पाहिलं? तीन पाय कसेही ठेवा, जमीन धरतात."

"बराबर हाय गुरुजी. पण स्टूल वळत न्हाई."

मी सरळ प्रयोगच करायला घेतला. गाठोडं तीन चाकीत ठेवलं आणि दुकानासमोर जोरात पळवत नेऊन गर्रकन वळवलं. गाडी दोन चाकांवर उभी राहिली, तिसरं हवेत, आणि गाठोडं धप्पकन फरशीवर. आजूबाजूच्या बाया किंचाळल्या. मी एका टोकाला धरून ते उचललं, धूळ झटकली आणि परत गाडीत टाकलं. माझं सगळं लक्ष चाकात होतं हो.

"हे वेग जास्त झाल्यामुळं झालं," मी शेठला समजावलं. "आता पायऱ्यांवरून उतरवून पाहू."

दुकानाला तीन पायऱ्या होत्या. गाडी उतरली. वरवंटा तिच्या आधी उतरला.

मग काय विचारता? गर्दी झाली. एका आजोबांनी माझी कॉलर धरली. "बाप हाय का कोण हाय तू? लेकराला फेकून राह्यला?"

"काही होत नाही आजोबा, दगडच आहे तो," मी म्हणालो. खरं तेच बोललो, पण त्यानं गर्दी अजूनच पेटली. शेवटी शेठनं पुढं होऊन कुंची सोडली, वरवंटा वर करून सगळ्यांना दाखवला, तेव्हा कुठं कॉलर सुटली. लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो. ती रिक्षातली बाई मात्र कुंची सुटायच्या आधीच दिसेनाशी झाली होती. तिच्या एसटीची वेळ झाली होती, हे मला नंतर कळलं.

आणि गाडी कोणती घेतली म्हणता? तीन चाकीच. एवढं व्याख्यान दिल्यावर चार चाकी कोणत्या तोंडानं घेणार? फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं तरी आम्ही मास्तर लोक ते लगेच पुसत नसतो.

बारशाच्या दिवशी पिंपळगावला उतरलो. एसटीच्या टपावरून गाडी उतरवली आणि वरवंटा तसाच नटवून तिच्यात ठेवला. सासऱ्यांना, सासूबाईंना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं ना. हळू चालवली की गाडी किती छान चालते, हे मी घरी सराव करून पाहिलं होतं. गल्लीतून गाडी ढकलत मोठ्या रुबाबात निघालो. ओट्यांवरच्या बाया उठून उभ्या राहत होत्या. मी सगळ्यांना नमस्कार करत होतो. परतून एकही नमस्कार आला नाही.

अंगणात पाय ठेवला तर मांडव घातलेला, बायका बसलेल्या. पाय धुवायला पाणी नाही, या बसा नाही. सासरे खांबाकडे तोंड करून सुपारी कातरत बसलेले. दारात सुनंदा उभी, डोळे सुजलेले, हातांवर माझी लेक.

आणि बायकांतून एक बाई उठली. रिक्षातली.

"ह्योच तो पोरगा! पाहा, संगच घेऊन आले."

ती सुनंदाच्या शेजारची गयाबाई निघाली. माझ्या लग्नात मी तिच्या पाया पडलो होतो म्हणे. लग्नात जावई शंभर बायांच्या पाया पडतो, चेहरे कोण पाहतं? तिनं मात्र मला रिक्षात बराबर ओळखलं होतं. आणि त्याच सकाळी ती सुनंदाच्या लेकीला मांडीवर खेळवून जालन्याला आली होती.

आता तुम्हीच जुळवा. लेक पिंपळगावात. जालन्यात जावयाच्या मांडीवर तीन महिन्यांचा पोरगा. सावळा, आईवर गेलेला. आणि ती आई घरी स्वयंपाक करतेय.

मी तोंड उघडलं, पण आधी सुनंदाच बोलली.

"काय स्वैपाक करती ती? मला तरी कळू द्या."

खरं सांगतो, तिचा तो चेहरा मला पाहवेना. वरवंटा, काटा, नर्स, शेठ, सगळं एकदम सांगायला गेलो आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "अगं, ते सव्वातीन किलो होतं म्हणून..."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्या पुढं आल्या. मला वाटलं, आता मार बसतो. पण त्या माझ्याकडे न पाहता गाडीकडे वाकल्या. "मोठ्यांनी करायचं ते करून ठेवलं. उन्हातान्हाचं आणलेलं लेकरू, त्याचा काय दोष हाय?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी मायेनं गाठोडं उचललं आणि छातीशी धरलं.

मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कुंची मागं सारली. तीट पाहिली. हात फिरवून पाहिला.

"सुनंदे," त्या म्हणाल्या, "हा तर मी रुखवतात दिलेला वरवंटा हाय."

मांडव असा हसला, असा हसला की सासऱ्यांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. सुनंदा आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली आणि लेक माझ्या हातात दिली. लेकीनं परत माझं बोट धरलं. मी म्हटलं, जिंकलो.

पण गयाबाई कुठं सोडते? तिची लाज राहायला नको? "ते वरवंटा असू द्या," ती म्हणाली, "पण यांनी त्याला दोनदा पाडलं, ते मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं."

"दोनदा?" सासूबाईंनी विचारलं.

इथं गप्प बसावं की नाही? पण मास्तरला कुठलीही गोष्ट नेमकी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. "मामी, पहिल्यांदा नुसता वळणावर पडला. दुसऱ्यांदा पायऱ्यांवर, पण तिथं तीनच पायऱ्या होत्या."

गयाबाईनं सगळ्यांकडे पाहिलं, ऐकलं ना म्हणून.

"तीन चाकं, तीन पायऱ्या," सासरे खांबाकडे पाहतच म्हणाले. "तीन तिगाडा, काम बिगाडा."

सासूबाईंनी माझ्या हातातून लेक अलगद काढून घेतली.

बारसं छान झालं. वरवंटा आयताच नटलेला होता, तोच आधी पाळण्यात गेला. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, मग लेकीला ठेवलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. संध्याकाळी निघताना सासूबाईंनी तीन चाकी माझ्यापुढं आणून उभी केली. आत वरवंटा, कुंची नीट बांधलेली.

"हा न्या संगं. पाच महिने याला संभाळा. एकदाबी पाडू नका. मंग लेक अन् नात पाठवते."

"मामी, चेष्टा करता."

"चेष्टा बिलकुल न्हाई. मी येऊन टवका गेला का ते पाहीन."

पाच महिने मी तो वरवंटा असा सांभाळला की काय सांगू. पाट्यावरून उचलून कोपऱ्यात, गादीवर ठेवला. तीन चाकीतून दळण आणलं, भाजी आणली, वरवंट्याला मात्र परत तिच्यात बसवलं नाही. आणि एके सकाळी शेजारच्या काकू दारात आल्या, "गुरुजी, आमच्या वरवंट्याचे दोन तुकडे झाले. चटणी वाटायला तुमचा देता का?"

मी तो दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात दिला, आणि त्या वळल्या तशी त्यांच्यामागं पायऱ्यांपर्यंत गेलो. "काकू, जरा जपून धरा," म्हटलं. "हा पडला तर माझी बायको यायची नाही."