रिकामी चौकट आणि सगुणाआजींचं बोट

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. दोन नातवंडांची आजी झाले तरी अंधाऱ्या खोलीत आधी मीच शिरते... पोरं घाबरतात ती माझ्यामुळे! पण हा किस्सा आठवला की भीती नाही, लाज वाटते.

पंधराएक वर्षांपूर्वी मी लाखांदूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचे. तेव्हाची मी म्हणजे — गळ्यात मंगळसूत्रासोबत पेनड्राइव्ह आणि नाक कायम वर. जवळच्या गावात तलावात मासे धरणाऱ्या बायकांचा गट होता. डोंगा, म्हणजे छोटी होडी, एकच, त्यावरून रोज भांडणं. मी म्हटलं, वेबसाइट करून देते. लॉगिन करा, उद्याचा नंबर लावा. पासवर्ड कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून अक्कल लढवली — एका चौकटीत स्वतःचं नाव, दुसरीत नवऱ्याचं. जुळलं की आत. केवढी हुशारी!

समाजमंदिरात भर दुपारी माझ्याच लॅपटॉपवर ट्रायल. बायका एकमेकींना कोपर मारत नवऱ्यांची नावं टाइप करत होत्या. मग सगुणाआजी आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचं जाळं तलावात पडलेलं. उद्या डोंगा मिळाला नाही तर मासे पाण्यातच सडणार.

"आजी, आता दुसऱ्या चौकटीत नाव टाका."

"मी नाही घेत वं त्याइचं नाव."

"तोंडानं नका घेऊ. बोटानं टाका."

"बोट कोनाचं हाय? माहंच न!"

सगळ्या हसल्या. नाव मला माहीत होतं, जुळवायची यादी मीच भरलेली, मीच टाकू शकले असते. पण नाही, सिस्टिम म्हणजे सिस्टिम! "मग राहू द्या रिकामं. दाबा एंटर. बघा कसं हाकलून देतं!"

त्यांनी दाबलं... आणि पान उघडलं.

"हाकललं नाही वं मॅडम," मागून कोणीतरी म्हणालं.

माझे कान तापले. वाटलं, टाइप केलेल्या नावाच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटताना मीच घोळ घातला असेल, रिकाम्याला रिकामं जुळत असेल. बाकी बायकांच्या नावापुढे रिकामं ठेवून पाहिलं — नकार. सगुणाआजींचं नाव, पण बोट माझं — नकार. बोट त्यांचं — उघडलं! मग वेबसाइटमागच्या माझ्या स्क्रिप्टकडे नक्की काय पोचतंय ते स्क्रीनवर छापायला लावलं. काहीच यायला नको होतं. आजींनी पुन्हा एंटर दाबलं, आणि मी बावळटासारखं सवयीनं मोठ्यानं वाचलं —

"श्रावण!"

आजींनी पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडे पाहिलं... हाक ऐकून कोणी येणार असल्यासारखं.

"किती वर्सानं कोनी आवाज देल्ला त्याइले," त्या पुटपुटल्या. "हळू घ्याचं न वं बाई. झोपले असतीन."

ऑटोफिलनं जुनं नाव आपोआप भरलं म्हणाल, तर ते बंद होतं. आणि असतं तरी चौकटीत दिसलं असतं. चौकट रिकामीच होती. आजींना पहिला नंबर मिळाला. ती दुसरी चौकट मी तिथंच बसून काढून टाकली. त्या दुपारी काय झालं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी आमचे हे गेले. जुन्या लॅपटॉपात ती पहिली, दोन चौकटींची स्क्रिप्ट अजून आहे. ट्रायलसाठी मी माझं आणि ह्यांचंही नाव त्यात भरून ठेवलं होतं. एकदा घरात कोणी नसताना माझं नाव टाकलं, दुसरी चौकट रिकामी ठेवली आणि एंटर दाबलं.

"नाव जुळत नाही."

बरोबरच आहे म्हणा. मी जन्मभर ह्यांना नावानंच हाका मारल्या, त्याही ओरडून.

तरी आणखी एकदा दाबून पाहिलं.